एका अक्षरानं अडलेली उंची

वऱ्हाडात बाळ पाहायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणावर गेलं?’ साधारण पंचवीस हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं, की उंचीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा ना आईवर गेलेलं असतं, ना बापावर. हातपाय आखूड, कपाळ थोडं पुढे आलेलं, नाकाचा वरचा भाग बसका. बाकी सगळं चारचौघांसारखं: तीच भूक, तेच रडणं, तेच हसणं. या अवस्थेला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया म्हणतात. आनुवंशिक बुटकेपणाचा जगात सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच. २०२१ पर्यंत त्याच्या मुळाशी जाऊन काम करणारं एकही औषध बाजारात नव्हतं. आता आहे. या गोष्टीत डुकराचा मेंदू आहे, लांब पायांच्या मेंढ्या आहेत, सायबेरियातला एक डॉक्टर आहे आणि आपलं अकोलाही आहे. एकेक करून पाहू.

तीनशे कोटींत एक

माणसाच्या जनुकांचा सगळा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. त्यातलं फक्त एक अक्षर बदलतं आणि अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया होतो. हे अक्षर चौथ्या गुणसूत्रावरच्या एफजीएफआर-३ नावाच्या जनुकात असतं. त्या बदलामुळे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ३८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येऊन बसतं. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी हा दोष शोधून काढला. विशेष म्हणजे अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णवहून अधिक जणांमध्ये चूक नेमकी याच जागी सापडते. त्यामुळे तपासणी सोपी होते. थोडं रक्त घ्यायचं आणि एकच जागा बघायची.

ब्रेक दाबलेलाच

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पातळ थर असतो. हाड लांब होतं ते तिथेच. एफजीएफआर-३ चं काम या वाढीला ब्रेक लावण्याचं. तुमच्याआमच्या अंगात हा ब्रेक गरजेपुरता लागतो आणि सुटतो. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियात तो दाबलेलाच राहतो. म्हणून दंड आणि मांड्या आखूड राहतात, धड मात्र जवळपास नेहमीच्या मापाचं वाढतं. औषध न घेता मोठ्या झालेल्या पुरुषांची सरासरी उंची १३१ सेंटिमीटरच्या आसपास असते, बायकांची १२४ च्या. बुद्धीशी याचा काहीही संबंध नाही. वर्गात ही मुलं इतरांइतकीच हुशार असतात.

लांब पायांची मेंढी, आखूड पायांचा कुत्रा

हा ब्रेक मुळातच नसेल तर? सफोक जातीच्या काही कोकरांत तसं होतं. त्यांच्यात एफजीएफआर-३ काम करत नाही आणि पाय वेडेवाकडे, लांबच लांब होतात. इंग्रजी मुलखात त्यांना कोळी-कोकरू म्हणतात. डॅक्सहुंड कुत्र्यांमध्ये उलटं घडतं. त्यांच्याकडे याच जनुक-कुळातल्या एका वाढ-संदेशाची जादा प्रत असते आणि म्हणून त्यांचे पाय आखूड, हे २००९ मध्ये कळलं. म्हणजे हाडाची लांबी ठरवणारी यंत्रणा माणसाची, मेंढीची आणि कुत्र्याची जवळपास एकच.

आईचा दोष नाही. नाहीच!

‘आमच्याकडं तं कोनीच असं नव्हतं बाप्पा!’ असं आजी म्हणते आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. ग्रहणात भाजी चिरली असेल, पपई खाल्ली असेल, असं काहीबाही निघतं. विज्ञानाचं उत्तर स्पष्ट आहे. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या दहापैकी आठ मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात. या मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो आणि तो बापाच्या शुक्रजंतूत घडतो. बापाचं वय वाढतं तशी त्याची शक्यता वाढते, हे लायोनेल पेनरोज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५५ मध्येच दाखवून दिलं होतं. अर्थात बापानेही काही चुकीचं केलेलं नसतं. शुक्रजंतू तयार होताना अक्षर चुकतं, त्यावर कोणाचा ताबा नाही. गरोदरपणातलं खाणंपिणं, ग्रहण, नजर, शाप यांपैकी कशाचाच इथे हात नाही. ही एवढी गोष्ट घरोघरी पोचली, तरी कितीतरी आयांच्या मनावरचं ओझं उतरेल.

डुकराच्या मेंदूतून सुरुवात

१९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून एक छोटं प्रथिन वेगळं केलं आणि त्याला सीएनपी हे नाव दिलं. त्याची भावंडं हृदयाच्या कामाशी जोडलेली आहेत. दम लागणाऱ्या पेशंटची डॉक्टर ‘बीएनपी’ तपासायला सांगतात ना, ते यातलंच एक भावंड. सीएनपीचा ओढा मात्र हाडांकडे निघाला. ते कूर्चेच्या पेशीत शिरलेल्या ‘थांब’ या संदेशाची धार कमी करतं. २००४ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या उंदरांच्या कूर्चेत सीएनपी वाढवलं आणि त्यांची खुंटलेली हाडं वाढू लागली. औषधाची वाट तिथून मोकळी झाली.

दोन-तीन मिनिटांचं आयुष्य

एक मोठी अडचण होती. अंगात तयार होणारं सीएनपी रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, कारण एक विकर त्याचे लगेच तुकडे करतं. इतकं क्षणभंगुर औषध टोचून काय उपयोग? मग २२ अमिनो आम्लांच्या सीएनपीला आणखी काही जोडून ३९ ची साखळी बनवली. ती त्या विकराला सहज तुटत नाही. हेच व्होसोरिटाइड. बायोमरिन या अमेरिकी कंपनीने ते ‘व्होक्झोगो’ या नावाने आणलं. ऑगस्ट २०२१ मध्ये युरोपने त्याला मान्यता दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने. अमेरिकेत आधी ते पाच वर्षांवरच्या मुलांपुरतं होतं. २०२३ मध्ये ही अट निघाली आणि तान्ह्या बाळांनाही ते देता येऊ लागलं.

दीड सेंटिमीटर म्हणजे किती?

औषधाची निर्णायक चाचणी सात देशांतल्या १२१ मुलांवर झाली. ऑस्ट्रेलियातले डॉ. रवी सवरिरायन यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन, आणि कोणाला काय दिलं ते ना घरच्यांना माहीत, ना डॉक्टरांना. वर्षभरानंतर औषध घेणाऱ्या मुलांची वाढ दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.५७ सेंटिमीटरने जास्त भरली.

आकडा किरकोळ वाटेल. पण ही मुलं वर्षाला साधारण चार सेंटिमीटर वाढतात. त्यात दीडची भर म्हणजे वाढीचा वेग सामान्य मुलांच्या जवळ जाणं. शिवाय ही भर एकाच वर्षापुरती नसते, औषध चालू असेपर्यंत ती मिळत राहावी हा उद्देश. एसटीची पहिली पायरी, बँकेचं काउंटर, शाळेतल्या पाण्याच्या टाकीचा नळ, शौचाला गेल्यावर स्वतःची स्वच्छता स्वतः करता येणं, या सगळ्या गोष्टी काही सेंटिमीटरांच्या अलीकडे-पलीकडे असतात. ज्याच्या घरी असं लेकरू आहे, त्याला या सेंटिमीटरांची किंमत सांगावी लागत नाही.

रोजची सुई

हे औषध गोळी किंवा सिरपमध्ये मिळत नाही. रोज एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, कातडीखाली इंजेक्शन घ्यावं लागतं. आईबाबांना ते देणं शिकवतात. बाटलीतल्या पावडरीत पाणी सोडायचं, बाटली जोरात हलवायची नाही, हळूच फिरवून पावडर विरघळवायची, वजनाप्रमाणे माप ओढायचं आणि तीन तासांच्या आत द्यायचं. आज उजवी मांडी, उद्या डावी, परवा पोट, अशी जागा बदलत राहायची, नाहीतर एकाच ठिकाणी लाली आणि सूज येते. इंजेक्शनच्या आधी तासाभरात मुलाने काही खाल्लेलं असावं आणि मोठा पेलाभर पाणी, दूध किंवा सरबत प्यालेलं असावं. कारण हृदयाच्या त्या भावंडांसारखं हे औषधही रक्तदाब थोडा वेळ खाली आणू शकतं आणि रिकाम्या पोटी मुलाला चक्कर येऊ शकते. रोज टोचून घेणारं मूल आणि रोज टोचणारी आई, दोघांनाही धीर लागतो. तो वर्षानुवर्षं टिकवावा लागतो.

वेळ गेली की गेली

हाडाच्या टोकाची कूर्चा वयात आल्यावर हळूहळू हाडात बदलते. डॉक्टर त्याला ‘ग्रोथ प्लेट बंद झाली’ म्हणतात. त्यानंतर या औषधाचा उपयोग नाही. म्हणून निदान पाचव्या वर्षी झालं की पंधराव्या, याने फार फरक पडतो. हीच गोष्ट पेपरात जाहिराती येणाऱ्या ‘उंची वाढवा’ पावडरी, कॅप्सूल आणि लटकण्याच्या व्यायामांनाही लागू आहे. बंद झालेली ग्रोथ प्लेट त्यांनी उघडत नाही, आणि अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुळाला तर त्या हातही लावत नाहीत. मालीश करताना हातपाय ओढल्यानेही हाडं लांब होत नाहीत. त्या पैशात तज्ज्ञांना दाखवायला नागपूर-मुंबईच्या चार फेऱ्या होतील.

हाडं लांब करणारं अकोला

औषध नव्हतं तेव्हा मुख्य मार्ग होता, शस्त्रक्रिया. सायबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या मध्यावर शोधून काढलं, की हाड कापून त्याची दोन टोकं अगदी सावकाश दूर नेली तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं. पायाभोवती धातूची कडी बसवायची, हाडातून तारा घालायच्या आणि दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून, अंतर वाढवायचं. ऑलिम्पिक उंच उडीतला सुवर्णविजेता व्हॅलेरी ब्रुमेल याचा अपघातात मोडलेला पाय इलिझारोव्ह यांनी वाचवला आणि जगाचं लक्ष कुर्गानकडे गेलं.

आज देशातल्या हाडांच्या डॉक्टरांमध्ये इलिझारोव्हचं नाव निघालं की अकोल्याचंही नाव निघतं. इथल्या सेंटर फॉर इलिझारोव्ह टेक्निक्सचे डॉ. मिलिंद चौधरी यांनी याच पद्धतीवर हयात घालवली आहे. हिशेब सोपा आहे: पाच सेंटिमीटर वाढवायला ५० दिवस, आणि ते नवं हाड पक्कं व्हायला त्यानंतर कित्येक महिने. उंची नक्की मिळते, पण वेदना, तारांच्या जागी जंतुसंसर्ग, सांधे आखडणं आणि रोजची फिजिओथेरपी हेही सोबत येतं. औषध संथ चालतं आणि सगळ्या अंगावर काम करतं. शस्त्रक्रिया ठरावीक हाडावर करतात, शिवाय वाकलेला पाय सरळही करता येतो. दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी पडू शकते.

बुटकं मूल दिसलं म्हणजे…

…तो अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियाच, असं नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटात उंची कमी असण्यामागे बहुतेकदा कुपोषण आणि सारखी येणारी आजारपणं असतात. त्या मुलांचं शरीर लहान असतं पण प्रमाणात असतं, आणि त्यांना हवं असतं पोटभर सकस अन्न. काही मुलांत वाढीचं हॉर्मोन कमी असतं, काहींचं थायरॉइड मंद असतं. काही मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र कमी असतं, त्याला टर्नर सिंड्रोम म्हणतात. हाडांच्या आनुवंशिक विकारांची २०२३ ची जागतिक यादी तर ७७१ विकारांची आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. व्होसोरिटाइड कुपोषित मुलाच्या कामाचं नाही, आणि अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुलाला जास्तीचं दूध-अंडी देऊन हात लांब होत नाहीत. आधी कारण कळायला हवं.

भिंतीवरची रेघ

कारण शोधण्याची सुरुवात घरच्या भिंतीपासून होते. चपला काढायच्या, मुलीची वेणी सोडायची, टाचा, कुल्ले आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवायची, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. दर सहा महिन्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, म्हणून वेळ पाळायची. जन्मानंतर पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. चारपेक्षा कमी भरलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते आहेत. २०१५ चे सुधारित तक्ते बनवण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुलांसाठी तर १९७८ पासून स्वतंत्र तक्ते आहेत, म्हणजे त्यांची तुलना त्यांच्यासारख्याच मुलांशी होते.

उंचीआधी मान

या बाळांच्या बाबतीत पहिली काळजी उंचीची नसते, मानेची असते. कवटीच्या तळाशी जिथून मज्जारज्जू खाली उतरतो, ते भोक काही बाळांत अरुंद असतं. पहिल्या दोन वर्षांत त्यामुळे झोपेत श्वास अडकू शकतो. म्हणून तज्ज्ञ झोपेची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय करायला सांगतात. बाळाला उंच उडवून झेलायचं नाही. डोकं मोठं आणि स्नायू सैल, त्यामुळे बसणं-चालणं उशिरा होतं. घाई करून, पाठीला आधार न देता बसवायचं नाही, कणा वाकतो. कान वारंवार फुटत असेल तर ऐकणं तपासून घ्यायचं. हे सगळं औषधाशिवाय करण्यासारखं आहे आणि यानेच मोठे धोके टळतात.

पैशांचं गणित

आता अवघड भाग. अमेरिकेत औषध आलं तेव्हा त्याची वर्षाची किंमत ३ लाख २० हजार डॉलरच्या घरात होती, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णाला मिळणारी मदत २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवली, पण ती वर्षाची नाही, आणि ती धोरणात नाव असलेल्या आजारांसाठी आहे. टर्नर किंवा हॉर्मोनची कमतरता असलेल्या मुलांसाठी वाढीचं हॉर्मोन या धोरणात आहे. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम हे त्याचं एक केंद्र. अमरावतीहून सुटणारी मुंबई एक्स्प्रेस बडनेरा, अकोला करत सकाळी दादरला पोचवते, तिथून परळचं केईएम जवळच. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी दुर्मीळ आजारांवरच्या आणि काही देशांत मान्यता मिळालेल्या औषधांना इथल्या स्थानिक चाचणीतून सूट दिली. दार थोडं उघडलं आहे. किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आणणं हे सरकार आणि कंपन्यांचं काम आहे, आणि ते त्यांच्याकडे मागितलं पाहिजे.

पुढे काय येतंय?

रोजच्या सुईऐवजी आठवड्याला एक सुई पुरेल असं सीएनपीचं रूप, नॅव्हेपेग्रिटाइड, चाचण्यांमध्ये चांगलं ठरलं आहे. इन्फिग्रॅटिनिब तर तोंडावाटे घ्यायचं औषध. ते मुळात पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी आलं. अगदी लहान मात्रेत ते थेट एफजीएफआर-३ वरच काम करतं. जपानमध्ये तर प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून घेतात त्या मेक्लिझिनचाही या आजारासाठी उंदरांवर अभ्यास झाला आहे. स्पर्धा वाढली तर किंमत उतरायची आशा आहे.

कागदावरचे हक्क

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये बुटकेपणाचा समावेश आहे. मोठेपणी १४७ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी उंची असेल तर हा कायदा लागू होतो. ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालं की सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के राखीव जागांचा लाभ मागता येतो. त्यासाठी यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र काढून घ्या. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला तो २०२२ मध्ये. त्यासाठी सतत आवाज उठवणाऱ्यांमध्ये अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू होते.

मैदानावर

पॅरिस पॅरालिम्पिक, सप्टेंबर २०२४. हरियाणाच्या नवदीप सिंगने ४७.३२ मीटर भाला फेकला आणि कमी उंचीच्या खेळाडूंच्या एफ-४१ गटात सुवर्णपदक भारताला मिळालं. त्याआधी टोकियोत जयपूरच्या कृष्णा नागरने बॅडमिंटनच्या एसएच-६ गटात सुवर्ण जिंकलं होतं. अभिनेता पीटर डिंक्लेज याला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजियाच आहे. नागपूरची ज्योती आमगे, उंची ६२.८ सेंटिमीटर, ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या मालिकेत झळकली. दरवर्षी २५ ऑक्टोबर हा दिवस बुटकेपणाविषयी जागृतीचा म्हणून पाळतात. या खेळाडू-कलाकारांपैकी कोणीही उंची वाढण्याची वाट पाहिली नाही.

मग औषध घ्यायचं का?

जगभरातल्या बुटक्या माणसांच्या संघटनांमध्ये यावर मोकळी चर्चा चालू आहे. काही जण म्हणतात, आम्ही आजारी नाही, जगाने आपल्या पायऱ्या आणि नजरा बदलाव्यात. काही जण म्हणतात, पाठीचा आणि पायांचा त्रास कमी होणार असेल, तर मुलाला संधी का नाकारायची? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. हा निर्णय त्या घराचा, आणि मूल मोठं झालं की त्या मुलाचा. पण निर्णय घ्यायला हातात वेळ हवा आणि वेळ मिळतो तो लवकर निदान झालं तरच. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. बाळाचे दंड-मांड्या आखूड वाटल्या, मधलं बोट आणि अनामिका यांच्यात फट दिसली, डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटलं, तर त्या पथकाला तिथेच दाखवा आणि जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागा. सोबत आईवडील दोघांनीही जा. दोष कोणाचा नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून दोघांनी एकत्र ऐकलेलं बरं.